फ्रिसबी, गोफण आणि एक मिलिमीटर

"फ्रिसबी म्हंजी काय अस्तंय वं बाई?"

प्रश्न रास्त होता. विचारणाऱ्या मावशी धारूर तालुक्यातल्या, वय पंचेचाळिशीच्या मागंपुढं, आणि उजवं कोपर जवळजवळ काटकोनात गोठलेलं. माझ्या हातात तीस प्रश्नांचा छापील कागद होता. खांदा, कोपर, मनगट यांच्या दुखण्यात माणसाला रोजची कामं किती जमतात, हे मोजायला जगभर ही प्रश्नावली वापरतात. 'डॅश' म्हणतात तिला. घट्ट झाकणाची बरणी उघडता येते का, किल्ली फिरवता येते का, डोक्यावरच्या फळीवर वस्तू ठेवता येते का, इथपर्यंत गाडी बरी चालली होती. 'ब्रीफकेस'ची मी बाजाराची पिशवी केली. मग आलं गोल्फ आणि टेनिस, आणि पुढच्याच ओळीत फ्रिसबी. वर सूचना अशी की, गेल्या आठवड्यात ते काम करायची वेळ आली नसेल तर अंदाजानं सांगावं.

"ताटलीसारखी असते मावशी. हवेत भिरकवायची."

"कशाला?"

याचं उत्तर कागदावर नव्हतं. मी जरा थांबून विचारलं, "बरं, गोफण फिरवता येईल का?"

"आता कुठली गोफण! पाखरं बसून खातेत जवारी."

मी 'अशक्य'वर खूण केली. पाच गुण, म्हणजे सगळ्यात वाईट; अडचण नसेल तर एक. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूष झाले की त्या दिवशी कँटीनमध्ये दोन चहा घेतले. ती हुशारी पाच महिन्यांनी अंगाशी आली, ते पुढं सांगते.

मी शिकले फिजिओथेरपी. २०२३ च्या जूनमध्ये छत्रपती संभाजीनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात संशोधन समन्वयक म्हणून लागले. घरी सांगितल्यावर आईनं विचारलं, "म्हणजे डॉक्टर का क्लार्क?" अजूनही मला नीट सांगता येत नाही. रुग्णाला अभ्यासाची माहिती द्यायची, संमती घ्यायची, तारखा सांभाळायच्या, फॉर्म भरायचे, फोन लावायचे, आणि फोन लागला नाही की परत लावायचे. पहिल्या वर्षाअखेर माझ्याकडे दोन अभ्यास होते. एक गुदाशयाच्या कर्करोगात एमआरआयचं चित्र कितपत भरवशाचं याचा. दुसरा आखडलेल्या कोपराच्या शस्त्रक्रियेचा. कोपर मला पाठ होतं. गुदाशय परीक्षेपुरताच वाचलेला.

एमआरआयचा अभ्यास ऐकायला साधा होता. गुदाशयात गाठ असेल तर बहुतेकांना आधी किरणोपचार आणि सोबत केमोच्या गोळ्या देतात. आमच्याकडे बहुतेकांना २८ फेऱ्या, आठवड्याला पाच, म्हणजे साडेपाच आठवडे. मग काही आठवडे थांबून परत एमआरआय, आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. आम्हाला बघायचं होतं की या दुसऱ्या एमआरआयवर दोन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे जे सांगतात ते एकमेकांशी किती जुळतं, आणि शस्त्रक्रियेत काढलेला भाग पॅथॉलॉजीत कापून बघितल्यावर त्याच्याशी किती जुळतं. रुग्णाला आमच्यामुळं एक सुई जास्त नाही की एक रुपयाचा खर्च नाही. फक्त सही.

पण सहीच महाग. आमचं संमतिपत्र मराठीत होतं असं म्हणायचं. 'सहभागी व्यक्तीच्या ओळखीची गोपनीयता अबाधित राखली जाईल', 'सहभाग ऐच्छिक असून कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याची मुभा आहे'. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा, आणि सगळी माहिती त्याला समजेल अशी सांगितली याचा साक्षीदार हवा. तो साक्षीदार अभ्यासाशी संबंध नसलेला असला पाहिजे. म्हणजे सिस्टर नको, वॉर्डबॉय नको, मी तर नकोच. वॉर्डात एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक होते, पत्नीच्या ऑपरेशनसाठी आलेले. त्यांना विनंती केली. गुरुजींनी चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं आणि आधी शुद्धलेखन तपासलं. दुसऱ्या पानावर थांबून म्हणाले, "हे कुणासाठी लिहिलंय?"

"रुग्णांसाठी."

"मग रुग्णाला येईल असं लिहा की. माझ्या सातवीच्या पोरांना कळलं नसतं हे."

त्यांनी चार जणांच्या संमतीला साक्ष दिली. चारही वेळा एकेक वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगितलं, मग रुग्णाला म्हणाले, "आता मला काय कळलं ते तू सांग." संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नैतिकता समितीच्या पुस्तिकेत हेच सांगितलेलं असतं, पण असं करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पुढच्या दुरुस्तीत आम्ही संमतिपत्र नव्यानं लिहिलं. 'माघार घेण्याची मुभा'च्या जागी आलं, 'कधीही नको म्हटलं तरी चालेल, उपचार तेच राहतील.'

तरीही एक गैरसमज काही केल्या सुटत नाही. "सही केली की नंबर लवकर लागंल का?" दहातले सहा जण विचारतात. सातवा विचारत नाही, पण त्याच्या मनात तेच असतं. नाही म्हटलं की चेहरे पडतात, आणि तरी सही करतात. डॉक्टरला नाही म्हणायची सवय नाही आपल्याकडे.

गेवराईकडचे एक मामा त्या पहिल्या वर्षात आले. साठीच्या आतबाहेर, कोरडवाहू कापूस, सोबत धाकटा मुलगा. आठ महिने रक्त पडत होतं आणि आठ महिने मूळव्याधीचं औषध चालू होतं. आमच्याकडे रस्त्याकडेच्या भिंती बघा. 'मूळव्याध, भगंदर, एका इंजेक्शनमध्ये कायमची मुक्ती.' रक्त म्हटलं की मूळव्याध, असं गणित ठरलेलं. मामांची गाठ गुदद्वारापासून चार सेंटिमीटरवर होती. हातमोजा घालून बोट घातलं असतं तर पहिल्याच दिवशी लागली असती. त्या आठ महिन्यांत कुणी घातलं नाही, आणि मामांनाही ते नकोच होतं. बायका तर याहून उशिरा येतात. घरात सांगणार कुणाला?

एमआरआयच्या खोलीबाहेर मी नेहमीची यादी विचारत होते. पेसमेकर, अंगात कुठं धातू, काचबिंदू. काचबिंदूचं विचारावं लागतं, कारण तपासणीआधी आतड्याची हालचाल थोपवायला बुस्कोपॅनचं इंजेक्शन देतात आणि काहींच्या डोळ्यांना ते सोसत नाही. मग टेक्निशियन म्हणाला, "करदोडा काढा." मामा हलेनात.

"करदोडा मेल्यावर तोडतेत," ते म्हणाले.

मुलगा खाली बघायला लागला. टेक्निशियन नवा होता, बाहेर अजून सहा पेशंट बसलेले, तो आवाज चढवायच्या बेतात. मी करदोडा बघितला. काळा दोरा, त्यात तांब्याचा ताईत. दोऱ्याचं एमआरआयला काही वावडं नाही, अडचण ताईताची. ऐन ओटीपोटाच्या चित्रात धातू नको. दोरा न तोडता ताईत सरकवून काढता येत होता. मुलानं काढला, रुमालात बांधला, खिशात ठेवला. एवढ्यासाठी पंधरा मिनिटं गेली. माझ्या फॉर्ममध्ये या पंधरा मिनिटांना रकाना नव्हता.

आत साधारण अर्धा तास. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मळणीयंत्रात घातल्यागत वाटलं." पण पहिली चित्रं हलली होती, मामा दोनदा खोकले होते. तोच भाग परत घ्यावा लागला.

हे हललेलं चित्र का चालत नाही ते मला रेडिओलॉजीच्या मॅडमनी दाखवलं. गुदाशयाभोवती चरबीचं वेष्टन असतं आणि त्यावर एक पातळ पापुद्रा. १९८२ साली बिल हील्ड या ब्रिटिश सर्जननं मांडलं की गाठीसोबत हे अख्खं वेष्टन पापुद्र्यासकट काढलं तर रोग त्याच जागी उलटण्याचं प्रमाण खूप कमी होतं. चार वर्षांनी, १९८६ मध्ये, फिल क्वर्क आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या भागाचे आडवे काप करून दाखवलं की कडेपर्यंत पोचलेला रोग पुढं त्रास देतो. राहिला प्रश्न, ही कड शस्त्रक्रियेआधीच दिसेल का? २००६ मध्ये छापलेल्या युरोपातल्या मर्क्युरी अभ्यासात ४०८ रुग्ण होते आणि उत्तर आलं, नीट काढलेल्या एमआरआयवर दिसते. गाठ त्या पापुद्र्यापासून एक मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असेल तर कड धोक्यात धरतात. एक मिलिमीटर म्हणजे खसखशीचा दाणा. मामांचा खोकला त्याहून मोठा.

आणि काप गाठीला काटकोनातच हवा. तीन मिलिमीटर जाडीचे काप, गाठीच्या लांबीला बरोबर आडवे. मला हे मॅडमच्या आधी समजलं असं उगाच वाटतं, कारण मी उसाच्या गावची आहे. ऊस तिरपा तोडला की साल जाड दिसते. इथंही काप तिरपा पडला की भिंत आहे त्याहून जाड दिसते आणि गाठ बाहेर आल्यासारखी वाटते.

उपचारानंतरचं चित्र वाचणं मात्र अवघड. गाठ गेली की तिथं वण राहतो. वण काळा दिसतो, जिवंत गाठ करडी. काळ्यात थोडं करडं दिसलं तर ते काय? पाच पायऱ्यांची श्रेणी असते, एक म्हणजे गाठ दिसत नाही, पाच म्हणजे उपचाराचा काही परिणाम दिसत नाही. दोघं रेडिओलॉजिस्ट वेगवेगळ्या खोल्यांत बसायचे. चित्रांवरची नावं मी पुसलेली, क्रम बदललेला. गंमत म्हणजे काही आठवड्यांनी तीच चित्रं नव्या क्रमांकानं परत त्यांच्याकडे जायची. काही चित्रांवर दोघांचं जुळलं नाही. काहींवर त्या दोघांतल्या एका सरांचं स्वतःशीच जुळलं नाही. हे त्यांना सांगायला मी गेले तेव्हा घसा कोरडा पडला होता. सर हसले आणि म्हणाले, "म्हणून तर अभ्यास करतोय."

जुळण्याचं माप काढायला कप्पा नावाचा आकडा वापरतात. दोन माणसांनी नुसती नाणी उडवली तरी निम्म्या वेळा जुळतं, ते योगायोगाचं जुळणं वजा करून जे उरतं त्याचा हा हिशेब. आमचा कप्पा किती आला ते इथं सांगत नाही, पेपर अजून छापून आलेला नाही.

आता माझी हुशारी.

कोपराच्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी प्रश्नावली मी भरायचे. तीन महिन्यांनंतरची माझी सहकारी भरायची, कारण तेव्हा माझ्याकडे एमआरआयच्या तारखा असायच्या. सर्जन स्वतः हे प्रश्न विचारत नाहीत, आणि ते बरंच आहे. सर्जनसमोर आमची माणसं एका शब्दात बरी होतात. "हाय की बरं, सायब." सायब वळले की खांदा धरून बसतात.

२०२४ च्या ऑक्टोबरात पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातल्या सरांनी मला बोलावलं. आमची संख्याशास्त्राची बाजू तेच बघायचे. पडद्यावर एकोणिसावा प्रश्न होता.

"तुमच्याकडे शस्त्रक्रियेनं लोकांची फ्रिसबी फारच सुधारते," सर म्हणाले. "अकरा जण. आधी चार किंवा पाच, नंतर सगळे एक."

मला घाम फुटला. शस्त्रक्रियेआधी मी गोफण विचारलेली. तीन महिन्यांनी सहकारीनं कागदावर होतं तसं फ्रिसबी विचारलं. मावशी आणि बाकीचे म्हणाले असणार, "आमाला कशाची अडचण? आम्ही ते करीतच न्हाई." तिनं प्रामाणिकपणे 'अडचण नाही' भरलं. झाली सुधारणा. बरं, एकच प्रश्न नव्हता. स्वेटरच्या जागी मी पोलकं विचारलेलं, गोल्फ-टेनिसच्या जागी कुऱ्हाड, डोक्यावरचा बल्ब बदलण्याच्या जागी माळ्यावरचं पातेलं काढणं. माणूस बघून बदलायचे. नोकरदार असला की बॅडमिंटन, शेतकरी असला की गोफण.

सरांनी कागदावर हिशेब मांडला. सगळ्या उत्तरांची सरासरी काढायची, त्यातून एक वजा करायचा, पंचवीसनं गुणायचं. शून्य म्हणजे काही अडचण नाही, शंभर म्हणजे हात निकामी. तीस प्रश्नांत एका जागी पाचाचा एक झाला की एकूण गुण ३.३ नं उतरतात. असे चार प्रश्न म्हणजे १३. या प्रश्नावलीत दहाच्या आसपासचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा धरतात. म्हणजे शस्त्रक्रिया न करताही नुसते शब्द बदलून मी रुग्ण बरा केला असता.

"प्रश्न कळला नाही तर काय करायचं असतं?" सरांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. तीसपैकी तीन प्रश्न कोरे सोडले तरी गुण काढता येतात. फ्रिसबी कोरी सोडायची होती, बस्स.

मी वाद घातला, हे कबूल करते. म्हटलं, गोफणच बरोबर आहे. हात मोकळा फिरतो की नाही हेच विचारायचंय ना, मग आमच्या माणसाला आमचंच विचारा. सर म्हणाले, बरोबर आहे, पण ते एकटीनं वॉर्डात उभं राहून ठरवायचं नसतं. दोघांनी वेगवेगळा अनुवाद करायचा, तो जुळवायचा, मूळ न बघितलेल्या माणसांकडून परत इंग्रजीत न्यायचा, तज्ज्ञांनी बसून फरक काढायचे, तीस-चाळीस रुग्णांवर चाचणी घ्यायची, आणि मग सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. "दोन रेडिओलॉजिस्ट आपापल्या मनाची पट्टी घेऊन बसले तर चालेल का तुला?" ते म्हणाले. तिथं मी गप्प झाले. गोफण बरोबर हे मला अजूनही वाटतं. पण माझी पट्टी रबराची होती.

नियम मोडला की नैतिकता समितीला कळवावं लागतं. आमच्या समितीच्या अध्यक्षा बाहेरच्या संस्थेच्या आहेत, तसंच असावं लागतं. एक वकील, एक समाजशास्त्राच्या प्राध्यापक, काही डॉक्टर, आणि एक सामान्य नागरिक म्हणून कापड दुकानदार काका. मी उभी राहून सगळं सांगितलं. डॉक्टर मंडळी आकड्यांबद्दल बोलली आणि ठरलं की अकरा फॉर्म काढून टाकायचे नाहीत, खूण करून ठेवायचे, निष्कर्ष त्यांच्यासकट आणि त्यांच्याशिवाय दोन्ही काढायचे. कापड दुकानदार काका एवढंच म्हणाले, "पण त्या बाई जे म्हणाल्या, पाखरं ज्वारी खातात, ते कुठं लिहिलं का?"

नव्हतं लिहिलं. समितीनं फॉर्मच्या शेवटी चार ओळींची जागा मंजूर केली, 'रुग्णाच्या शब्दांत'. गुणांत धरायची नाही.

त्याच बैठकीत मी दुसरी परवानगी मागितली, ती जास्त गरजेची होती. आमच्या कोपराच्या रुग्णांत ऊसतोड करणारे बरेच. बीड, धारूर, वडवणी, केज, पाटोदा इकडची गावं दसरा-दिवाळीनंतर निम्मी रिकामी होतात. उन्हाळ्यात परत आल्यावर ऑपरेशनला वेळ मिळतो, आणि मग सहा महिन्यांची तपासणी बरोबर हंगामात येते. माणूस तेव्हा सांगली, कोल्हापूर, नाहीतर बेळगावकडे. फॉर्मात लिहायचं 'संपर्क तुटला'. संपर्क कुठला तुटतोय, मुकादमाला विचारलं तर फड सुद्धा सांगतो. परवानगी मिळाली. जवळच्या कारखान्यांवर असतील त्यांना तिथं जाऊन मोजायचं.

डिसेंबरात मी नेवासा फाट्याला उतरले. तिथून मावशींच्या दिरानं दुचाकीवर टोळीच्या तळावर नेलं. दिवस मावळला होता. शेतातल्या मोकळ्या रानात कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची रांग, धूर, बैलांना वाढं टाकणं चाललेलं. मावशींनी मला पोत्यावर बसवलं आणि चहा ठेवला.

या मावशींचं कोपर कसं गेलं तेही सांगायला हवं. आदल्या हंगामात ट्रकला लावलेल्या फळीवरून मोळी घेऊन चढताना पाय सरकला. कोपराजवळ हाड मोडलं. कारखान्यावरून गावी, गावातून हाडवैद्याकडे. पट्टा आवळून बांधला, सोडल्यावर रोज तेल लावून जोरानं चोळलं. कोपराला जोरानं चोळणं हे सगळ्यात वाईट. आजूबाजूच्या स्नायूत हाड धरायला लागतं, सांधा आणखी आखडतो. आमच्याकडे आल्या तेव्हा हात ६० अंशांपासून ९५ पर्यंतच हलत होता. रोजच्या कामाला ३० ते १३० अंश लागतात, असं मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच मोजून ठेवलंय. ९५ वर हात तोंडापर्यंत जात नाही. कुंकू लावता येत नाही. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. आखडलेलं वेष्टन सोडवलं, कोपराच्या आतल्या बाजूनं जाणारी नस मोकळी केली. दुसऱ्या दिवसापासून मी हात हलवायला लावला आणि त्यांनी मला भरपूर शिव्या दिल्या. चांगल्या शिव्या होत्या, माझ्या आजीच्या वेळच्या.

आता कोपीत मोबाइलच्या उजेडात मी गोनिओमीटर लावला. कंपासपेटीतल्या कोनमापकाचाच मोठा भाऊ. ३५ ते ११५. दोनदा मोजलं, तेवढंच. मग प्रश्नावली, जशी छापलीय तशी. फ्रिसबी आली. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हे कोरं सोडायचं. त्या जरा नाराज झाल्या, "गोफणीचं इच्यार की!"

"ते खाली लिहिते."

त्या तिथं ऊस तोडत नव्हत्या. दोन्ही सुनांच्या लेकरांना सांभाळत होत्या आणि अख्ख्या घराच्या भाकरी करत होत्या. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. इथं नवरा एकटाच फडात, म्हणजे अर्धा कोयता, म्हणजे आगाऊ मिळणारी उचलही अर्धी. भाकरी थापताना बघून मला वाटलं, एवढ्यासाठी तरी तीस प्रश्न कशाला लागतात? पण तिथंच मला हेही दिसलं की त्या परातीवर उजव्या हातानं कमी आणि खांदा वाकवून जास्त जोर देतात. सहा वर्षांनी खांदा बोलेल.

मामांचं सांगायचं राहिलं. उपचारानंतरचा त्यांचा एमआरआय झाला तेव्हा जुन्या जागी जवळजवळ सगळा वणच होता. मामांनी मला जिन्यात गाठलं. "गाठ गेली म्हणतेत. मग कापायचं कशाला?" हा प्रश्न अडाणी नाही. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये अशाच ७१ रुग्णांची माहिती छापली होती, उपचारानंतर गाठ पूर्ण गेलेली आणि शस्त्रक्रिया न करता नुसतं लक्ष ठेवलेलं. आता जगभर निवडक रुग्णांत तसं करतात. पण त्याला दर काही महिन्यांनी बोटाची तपासणी, दुर्बीण, एमआरआय, वर्षानुवर्षं न चुकता लागतं. आणि मामांची गाठ 'जवळजवळ' गेली होती. ट्यूमर बोर्डानं, म्हणजे कर्करोगाच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीनं, दोन्ही बाजू सांगून शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. गाठ इतकी खाली की शौचाची वाट कायमची पोटावर येणार होती.

"तुमी म्हणलात दोन डॉक्टर बघतेत. दुसरा काय म्हणला?"

मला खरंच माहीत नव्हतं. अभ्यासातलं वाचन गठ्ठ्यानं, नंतर व्हायचं, आणि उपचार त्यावर ठरत नसत. संमतिपत्रात तसं लिहिलंही होतं, गुरुजींनी समजावून सांगितलंही होतं. मी तेच परत सांगितलं. मामा म्हणाले, "मग माझ्या काय कामाचं?" मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

दोन दिवसांनी त्यांनी शस्त्रक्रियेला होकार दिला. मुलानं सांगितलं, दर तीन महिन्याला संभाजीनगर कोण करणार, त्यापेक्षा एकदाचं होऊ द्या. निर्णय शास्त्रानं झाला की एसटीनं, मला सांगता येणार नाही. पॅथॉलॉजीत वणाच्या आत पेशींचे दोन-तीन पुंजके सापडले. एमआरआयवर दिसतील असे नव्हतेच ते. पुढं मी यादी जुळवली तेव्हा कळलं, त्या चित्राला एका रेडिओलॉजिस्टनं दोन दिलं होतं, दुसऱ्यानं तीन.

मामा आता पिशवीला सरावले आहेत. गेल्या खेपेला म्हणाले, "एसटीत आता खिडकीची जागा न मागता मिळती." करदोड्यात ताईत परत आलाय.

मावशी एक वर्षाच्या तपासणीला २०२५ च्या जूनमध्ये स्वतःहून आल्या. कोपर ३० ते १२०. प्रश्नावलीचे गुण २४, आधी ६८ होते, आणि तेही खूण केलेल्या फॉर्मवरचे. मी खालच्या चार ओळी लिहीत होते तेव्हा त्या वाकून बघत होत्या.

"ह्याची एक परत मला दी."

"कशाला?"

"मुकादमाला दावायला. हात बरा झालाय म्हणून. पुरा कोयता धरल यंदा."

त्यांचाच फॉर्म, त्यांना द्यायला काही हरकत नव्हती. झेरॉक्स काढायला जाताना मी अकरावा प्रश्न परत वाचला, जड वस्तू उचलता येते का. त्यांनी 'थोडी अडचण' सांगितलं होतं. त्या प्रश्नात पाचेक किलोच्या वर गेलं की जड. मोळी तीस-चाळीस किलोची असते. परत येऊन मी त्यांना हे सांगितलं, आणि फळीवर चढू नका म्हणाले. त्यांनी झेरॉक्सची चौघडी केली, पिशवीत ठेवली आणि विचारलं, "सई कुठं हाय डाक्टरची ह्याच्यावर?"